जेंटू लिनक्स पहिल्यांदा बसवताना : एका नवख्याचा अभिप्राय

गेली सहा-सात वर्षे मी डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, वापरत आलो आहे. त्या अर्ध्या तासात बसतात, नीट चालतात, आणि संगणकावर नेमके काय काय बसले याचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. गेल्या महिन्यात मी चार कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर जेंटू बसवले. त्यासाठी तीन संध्याकाळी आणि सुटीचा एक पूर्ण दिवस लागला. दोन ठिकाणी मी चांगलाच अडलो आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. आता महिनाभर तोच लॅपटॉप रोजच्या कामाला वापरत असल्यामुळे काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. जेंटूत प्रोग्रॅम कम्पाइल होण्याची, म्हणजे मूळ कोडपासून चालता प्रोग्रॅम बनण्याची, वाट पाहणे नवख्याला फारसे जड जात नाही, कारण तेवढा वेळ आपण दुसरे काही करू शकतो. प्रश्नाचा अर्थ कळण्याआधीच त्याचे उत्तर द्यावे लागते, ते मात्र जड जाते. म्हणून कोणता निर्णय नंतर बदलता येतो आणि कोणता येत नाही, हे सुरुवातीलाच माहीत असेल तर निम्मी धास्ती कमी होते, आणि हा अभिप्राय मी मुख्यतः त्या दृष्टीने लिहीत आहे.

आधी अपेक्षेविषयी. पाण्याखाली सर्वांत वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनच्या जातीचे नाव जेंटू, आणि डॅनियल रॉबिन्स यांनी आधी ‘इनॉक’ नावाने सुरू केलेल्या डिस्ट्रोला पुढे तेच नाव मिळाले, तिची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. नावातच वेग असल्यामुळे आणि प्रत्येक पॅकेज आपल्याच यंत्रावर, आपल्याच प्रोसेसरसाठी कम्पाइल होत असल्यामुळे पुष्कळ जण वेगाच्या आशेने इकडे वळतात. मीही काहीशी तीच आशा धरून होतो. महिनाभराच्या वापरानंतर सांगायचे, तर ब्राउझर उघडायला, फाइली शोधायला किंवा व्हिडिओ पाहायला लागणाऱ्या वेळात मला आधीच्या डिस्ट्रोपेक्षा जाणवेल असा फरक दिसलेला नाही. बूट झाल्यावर सुरुवातीला वापरली जाणारी मेमरी कमी आहे, पण त्याचे कारण कम्पायलरचे पर्याय हे नसून मी अनेक गोष्टी मुळात बसवल्याच नाहीत हे आहे. ज्यांना केवळ वेग हवा आहे त्यांनी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. त्यासाठी जेंटूची खटपट करण्याचे कारण नाही.

इन्स्टॉलेशनसाठी सारी भिस्त जेंटूच्या अधिकृत हँडबुकवर ठेवावी. ते प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळे आहे आणि डिस्कचे भाग पाडण्यापासून बूटलोडरपर्यंत (संगणक लावताच प्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम) क्रमाने नेते. मी आजवर वाचलेल्या तांत्रिक दस्तऐवजांत त्याचा क्रमांक फार वर लागेल, कारण ते नुसती कमांड देऊन थांबत नाही, ती कशासाठी द्यायची हेही सांगते. एक लहानसे उदाहरण देतो. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर आपण डिस्कवर ‘स्टेज ३’ नावाची तयार पायाभूत प्रणाली उलगडतो आणि मग क्रूट करून, म्हणजे पुढच्या कमांड डिस्कवरच्या प्रणालीत चालतील असे करून, तिच्या आत शिरतो. या क्षणी पडद्यावर काहीच बदलत नाही; तोच काळा पडदा, तीच लुकलुकणारी खूण. म्हणून हँडबुक लगेच प्रॉम्प्टच्या (कमांड लिहिण्याच्या जागेच्या) आधी कंसात ‘क्रूट’ हा शब्द लिहून घ्यायला लावते, म्हणजे आपण पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीत आहोत की डिस्कवरच्या, हे प्रत्येक ओळीला डोळ्यांसमोर राहते. पहिल्या रात्री थकून लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी डिस्कचे सगळे भाग पुन्हा माउंट करत (प्रणालीला जोडत) बसलो, तेव्हा त्या एका शब्दाची किंमत मला कळली.

डिस्कची मांडणी हा या प्रवासातला पहिला निर्णय आहे आणि दुर्दैवाने सहजासहजी न बदलता येणाऱ्या थोड्या निर्णयांपैकीही तोच पहिला आहे. हँडबुक ईएफआयसाठी (संगणक सुरू होण्यासाठी) एक भाग, स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) आणि उरलेली सगळी जागा रूटला (प्रणालीच्या मुख्य भागाला) अशी साधी मांडणी सुचवते आणि फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) म्हणून एक्सएफएसची शिफारस करते. मी जुन्या सवयीने होमसाठी, म्हणजे स्वतःच्या फाइलींसाठी, वेगळा भाग काढला आणि रूटला फक्त ४० जीबी ठेवले. तयार पॅकेजे उतरवणाऱ्या डिस्ट्रोत एवढी जागा भरपूर होते. येथे मात्र पॅकेज कम्पाइल होत असताना त्याचा सोर्स (मूळ कोड) आणि अर्धवट तयार झालेल्या फाइली रूटच्याच पोटात साठतात, आणि मोठ्या पॅकेजला त्यासाठी कित्येक जीबी लागतात. शिवाय आधी उतरवलेले सोर्स आपण पुसेपर्यंत तसेच पडून राहतात. त्यात एक्सएफएसचा भाग वाढवता येतो, पण लहान करता येत नाही, म्हणजे होममधून जागा काढून रूटला देण्याची वाटही उरली नाही. नवख्याने हँडबुकची साधी मांडणीच स्वीकारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतर येते प्रोफाइलची, म्हणजे प्रणालीच्या मूळ सेटिंगच्या संचाची, निवड आणि कम्पाइल करण्याची सेटिंग ठेवणारी मेक डॉट कॉन्फ ही फाइल. प्रोफाइलच्या यादीत डेस्कटॉप, ग्नोम, प्लाझ्मा (दोन्ही डेस्कटॉपचे प्रकार), हार्डन्ड (सुरक्षेसाठी कडक केलेले), मसल अशी नावे येतात आणि बहुतेकांना ओपनआरसी व सिस्टमडी (संगणक लावल्यावर सेवा सुरू करण्याच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय असतात. नवख्याला ही यादी वाचून घाम फुटतो. वस्तुस्थिती अशी आहे की साध्या प्रोफाइलवरून डेस्कटॉपवर किंवा प्लाझ्मावरून ग्नोमवर नंतर जाता येते आणि त्यासाठी केवळ काही पॅकेजे पुन्हा कम्पाइल व्हावी लागतात. ओपनआरसीवरून सिस्टमडीवर जाणे शक्य असले तरी कष्टाचे आहे. आणि मसलवरून नेहमीच्या जीलिबसीवर (दोन्ही सर्व प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूलभूत लायब्ररी) यायचे तर नव्याने बसवणेच सोपे पडते. ही तीन वाक्ये कोणी मला आधी सांगितली असती, तर त्या यादीपुढे घालवलेला पाऊण तास वाचला असता.

मेक डॉट कॉन्फमध्ये मी माझी पहिली मोठी चूक केली. एका वेळी किती कामे समांतर चालवायची हे तिथे सांगायचे असते. माझा चार कोअरचा प्रोसेसर ८ थ्रेडचा (एका वेळी ८ कामे हाताळणारा) असल्यामुळे मी ८ लिहिले आणि पुढे सरकलो. सुरुवातीची लहान पॅकेजे भराभर झाली. मग एलएलव्हीएम या अवजड पॅकेजची (कम्पायलरसाठीच्या साधनांचा संच) पाळी आली. आधी माउसची खूण अडखळू लागली, मग डिस्कचा दिवा अखंड पेटून राहिला, आणि काही मिनिटांनी लाल अक्षरांत ओळ आली की किल सिग्नल मिळाल्याने सीसीवनप्लस हा कम्पायलरचा प्रोग्रॅम संपवण्यात आला आहे. मला वाटले की पॅकेजमध्येच दोष असावा, म्हणून तीच कमांड पुन्हा दिली आणि आणखी दीड तास घालवून पुन्हा त्याच ओळीवर आलो. खरे कारण मेमरी हे होते. सी प्लस प्लसमधले मोठे सोर्स कम्पाइल करताना प्रत्येक कामाला पुष्कळ मेमरी लागते. अशी आठ कामे एकदम चालली की ८ जीबी संपते आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नाइलाजाने सर्वांत जड प्रोग्रॅमचा बळी देते. हँडबुकात दर कामामागे किमान २ जीबी रॅम धरावी असे स्पष्ट लिहिले आहे. मी तेवढी ओळ वरवर वाचून पुढे गेलो होतो. आठाचे चार केले आणि तेच पॅकेज विनातक्रार पूर्ण झाले. या प्रसंगातून हेही समजले की पोर्टेज (पॅकेजे बनवणारे आणि बसवणारे जेंटूचे साधन) अडले, तरी आधी झालेले काम वाया जात नाही. रिझ्यूम असे सांगितले की ते उरलेली यादी तिथूनच पुढे नेते.

याच फाइलमध्ये प्रोसेसरला अनुसरून कम्पाइल करण्याचा ‘नेटिव्ह’ हा पर्यायही लिहायचा असतो. तो निर्धास्तपणे वापरावा. मात्र हीच डिस्क उद्या जुन्या प्रोसेसरच्या दुसऱ्या यंत्रात बसवली, तर प्रोग्रॅम चालतीलच असे नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता यूज फ्लॅगविषयी (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करण्याच्या खुणा), कारण माझ्या मते जेंटू वापरण्याचे खरे कारण तेच आहे. एखाद्या पॅकेजमध्ये ब्लूटूथ, छपाई, ध्वनी किंवा अमुक एका प्रकारच्या चित्रांसाठीचा कोड घ्यायचा की नाही, हे कम्पाइल होण्याआधी ठरवता येते, आणि ही ठरवाठरवी एका पॅकेजपुरती किंवा साऱ्या प्रणालीसाठी एकदाच करता येते. तयार डिस्ट्रोत हा निर्णय पॅकेज बनवणाऱ्याने सर्वांची सोय पाहून आपल्यासाठी आधीच घेतलेला असतो. इमर्ज या पोर्टेजच्या कमांडला ‘आस्क’ आणि ‘व्हर्बोज’ हे दोन पर्याय देऊन एखादे पॅकेज मागितले, की ते लगेच कामाला लागत नाही. आधी यादी दाखवते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नवे पॅकेज असेल तर एन, नवी आवृत्ती असेल तर यू, आहे तेच पुन्हा बनणार असेल तर आर अशी खूण असते. पुढे पॅकेजचे नाव आणि त्यानंतर फ्लॅगांची रांग. चालू असलेले लाल रंगात, बंद असलेले उणे चिन्हासह निळ्या रंगात, आणि मागच्या वेळेपेक्षा बदललेले हिरव्या रंगात, तारांकित. पहिल्या दिवशी हा रंगीत पसारा मला निव्वळ गोंगाट वाटला. आठवडाभरात मी ती रांग डोळ्यांनी झरझर वाचू लागलो, आणि न मागितलेले एखादे पॅकेज यादीत का आले, हे त्या रांगेवरूनच कळू लागले.

येथील निर्णय किती सहज फिरवता येतात याचा अनुभवही मला लवकरच आला. सुरुवातीला मी छपाईचा, म्हणजे कप्सचा फ्लॅग सगळीकडे बंद केला होता, कारण तेव्हा माझ्याकडे प्रिंटर नव्हता. दहा दिवसांनी प्रिंटर आला. मेक डॉट कॉन्फमधले उणे चिन्ह खोडले आणि फ्लॅग बदललेली पॅकेजे तेवढी पुन्हा बनव असे इमर्जला सांगितले. घोस्टस्क्रिप्ट, जीटीके आणि आणखी मोजकी पॅकेजे यादीत आली, चाळीसेक मिनिटांत ती पुन्हा कम्पाइल झाली आणि संध्याकाळी पहिले पान छापून निघाले. म्हणून नवख्याने पहिल्याच रात्री फ्लॅगांची परिपूर्ण यादी तयार करण्याच्या मागे लागू नये. प्रोफाइल जे देते ते स्वीकारावे, नको असलेल्या ठळक चार-पाच गोष्टी बंद कराव्यात आणि बाकीचे गरज पडेल तसे ठरवावे. अन्य कोणाची लांबलचक फ्लॅगांची यादी जशीच्या तशी उतरवून घेणे तर कटाक्षाने टाळावे, कारण पुढे अडचण आली की ती कोणत्या शब्दामुळे आली हे शोधणे आपल्याला अशक्य होते.

फ्लॅगांमुळे येणारी एक अडचण मात्र नवख्याला भेटतेच, आणि ती म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजांचे चक्र. फ्रीटाइपला हार्फबझ हवे आणि हार्फबझला फ्रीटाइप हवे (दोन्ही पडद्यावर अक्षरे दाखवण्यासाठीची पॅकेजे), असे पोर्टेज सांगते आणि थांबते. संदेश लांब असल्यामुळे माणूस घाबरून पहिल्या दोन ओळींवरच सोडून देतो. तो शेवटपर्यंत वाचावा, कारण हे चक्र कोणता फ्लॅग तात्पुरता बंद केल्याने तुटेल, हे बहुतेकदा पोर्टेज तिथेच सुचवते. मी हार्फबझचा फ्लॅग बंद ठेवून फ्रीटाइप एकदा बनवले, मग पुढचे सगळे सरळ झाले आणि नंतर फ्रीटाइप पुन्हा पूर्ण फ्लॅगांसह आपोआप बनले. पोर्टेजचे संदेश वाचण्याची सवय लावून घेणे, हे मला या महिन्यात मिळालेले सर्वांत उपयोगी शिक्षण आहे.

कर्नलबाबत फार लिहिण्यासारखे नाही. स्वतः पर्याय निवडून कर्नल बनवणे ही जेंटूची जुनी परंपरा आहे, पण आता पूर्ण तयार, बायनरी कर्नल पॅकेज म्हणून मिळते आणि पहिल्या खेपेला तेच घ्यावे. हौस असेल तर प्रणाली सुरळीत चालू लागल्यावर, हे चालणारे कर्नल बूटच्या यादीत तसेच ठेवून दुसरे बनवता येते.

माझी दुसरी चूक शेवटच्या टप्प्यावर झाली. बूटलोडर बसवला, पासवर्ड ठेवला, पेन ड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. लॉगिनची ओळ आली तेव्हा फार आनंद झाला. पण नेटवर्कच्या साधनांची यादी मागितली, तर त्यात संगणकाच्या स्वतःशीच बोलणाऱ्या ‘एलओ’खेरीज काहीच नव्हते. तीन संध्याकाळी ज्या वायफायवरून सगळे उतरवले, तेच वायफाय जणू लॅपटॉपमधून नाहीसे झाले होते. कर्नलच्या नोंदी पाहिल्यावर वायफाय कार्डाची फर्मवेअर फाइल (कार्ड चालण्यासाठी त्यात भरायचा कोड) सापडत नसल्याची ओळ दिसली. पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीत ते फर्मवेअर आधीपासून असते, म्हणून इन्स्टॉलेशनच्या वेळी काही जाणवले नाही. डिस्कवरच्या प्रणालीत मात्र लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज आपल्याला स्वतः बसवावे लागते, आणि जेंटू मुळात फक्त मुक्त परवान्यांची पॅकेजे स्वीकारत असल्यामुळे या पॅकेजचा परवाना मान्य असल्याचे एका फाइलमध्ये लिहून द्यावे लागते. दोन दिवसांपूर्वी पोर्टेजने मला परवान्याविषयीचा तो संदेश दाखवलाही होता. ‘हे नंतर पाहू’ म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि विसरलो. वाय-फाय जोडणारा नेटवर्क मॅनेजरसुद्धा बसवायचा राहिला होता.

त्या क्षणी मला वाटले की आता सगळे पहिल्यापासून करावे लागणार. तसे काहीही करावे लागत नाही, आणि हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितो, कारण पुष्कळ नवखे नेमके इथे निराश होऊन डिस्क पुसून टाकतात. पेन ड्राइव्ह पुन्हा लावला, डिस्कचे भाग माउंट केले, डीएनएसची (इंटरनेटवरचे पत्ते शोधण्याची) फाइल आत नेली, क्रूट केले, परवाना लिहिला, दोन्ही पॅकेजे बसवली आणि बाहेर आलो. सारे मिळून अर्धा तासही लागला नाही. डिस्कवरची प्रणाली सुरू होवो न होवो, पेन ड्राइव्हच्या दाराने तिच्या आत केव्हाही जाता येते आणि राहिलेले काम पुरे करता येते.

राहिला वेळेचा प्रश्न. जुन्या काळी लोक ‘स्टेज १’पासून, म्हणजे कम्पायलर स्वतः घडवण्यापासून सुरुवात करत; आता ‘स्टेज ३’मध्ये कम्पायलरसह चालती पायाभूत प्रणाली मिळते, त्यामुळे तो भाग वाचतो. तरीही जीसीसी हा कम्पायलर अद्ययावत करायला माझ्या लॅपटॉपला दोन तास लागले. सर्वांत मोठा धक्का कॅलिबरने दिला. मला ई-पुस्तके नीट लावून ठेवण्यासाठी ते हवे होते, आणि त्याच्या यादीत क्यूटीवेबइंजिन आले, म्हणजे जवळजवळ अख्ख्या ब्राउझरएवढा कोड. रात्री दहाला सुरू केलेले ते काम सकाळी सातला संपले. पंखा रात्रभर पूर्ण वेगाने फिरत होता आणि लॅपटॉप मऊ गादीवर न ठेवता टेबलावर, खालून हवा लागेल असा ठेवला होता म्हणून ठीक. जुन्या यंत्रांत आधी धूळ साफ करून घ्यावी.

सगळेच असे कम्पाइल करण्याची सक्ती मात्र आता नाही. डिसेंबर २०२३ अखेरीस जेंटूने अधिकृत बायनरी पॅकेजे मोठ्या प्रमाणावर देण्यास सुरुवात केली. त्यांत लिबरऑफिस, प्लाझ्मा, ग्नोम यांसारखी अवजड नावेही आहेत. मेक डॉट कॉन्फमध्ये एक शब्द वाढवला, की आपले यूज फ्लॅग जुळत असतील तिथे पोर्टेज तयार पॅकेज उतरवते आणि जुळत नसतील तिथे पूर्वीप्रमाणे कम्पाइल करते. मी ही सोय क्यूटीवेबइंजिनच्या त्या रात्रीनंतर सुरू केली. ती पहिल्या संध्याकाळीच सुरू केली असती, तर सुटीचा दिवस बहुधा लागलाच नसता. काही जुने वापरकर्ते याला जेंटूच्या मूळ कल्पनेशी तडजोड समजतात. मला ते पटत नाही. ज्या पॅकेजच्या बाबतीत माझे काहीच म्हणणे नाही ते तयार घ्यावे आणि ज्याच्याविषयी माझे काही म्हणणे आहे तेवढे स्वतः बनवावे, ही निवडसुद्धा येथे माझ्याच हातात आहे.

बसवून झाल्यानंतरच्या देखभालीचा विचारही आधी करायला हवा. मी दर रविवारी सकाळी सिंक करतो (पॅकेजांची यादी ताजी करून घेतो), जेंटूकडून आलेल्या सूचना वाचतो, यादी पाहून होकार देतो, बदललेल्या सेटिंग फाइली एकेक पाहून जुळवतो आणि शेवटी निरुपयोगी झालेली पॅकेजे काढून टाकतो. माझे प्रत्यक्ष लक्ष त्यात वीस-पंचवीस मिनिटे लागते, उरलेला वेळ यंत्र घेते. हे काम महिनोन् महिने टाळले, तर एकदम मोठी यादी आणि गुंतलेली चक्रे समोर येतात, म्हणून ज्याला आठवड्यातून एवढा वेळ देणे जमणार नाही त्याने जेंटू रोजच्या कामाच्या एकमेव संगणकावर बसवू नये. ज्याच्याकडे हाताशी दुसरे चालू यंत्र आहे, टर्मिनलची भीती गेलेली आहे आणि इंग्रजी दस्तऐवज सावकाश, ओळ न ओळ वाचण्याची तयारी आहे, त्याला मी ते मनापासून सुचवेन. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर पुढच्या सुटीत मी तेच बसवणार आहे : रूटला सगळी जागा, १६ जीबी रॅमला ८ कामे, बायनरी पॅकेजे पहिल्यापासून चालू, आणि पेन ड्राइव्ह काढण्याआधी फर्मवेअर बसले की नाही हे पाहून.